कीबोर्ड बोलतो, पण काय बोलतो?

ऑडिओ इंटरफेस घ्यायला निघाला असाल तर आधी एक काम करा : कीबोर्डची मागची बाजू नीट बघा. कदाचित पैसे वाचतील. नाहीच वाचले, तर निदान योग्य वस्तूवर खर्च होतील.

एकांकिकेच्या तालमी सुरू झालेल्या असतात. दिग्दर्शकाला शेवटच्या प्रवेशाखाली ‘हलकीशी पेटी’ हवी असते आणि अख्ख्या ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवणारे तुम्ही एकटेच असता. मग तुम्ही फोन कीबोर्डच्या स्पीकरसमोर ठेवता आणि रेकॉर्ड दाबता. ऐकून बघता तर सुरांच्या आधी ऐकू येते पट्ट्यांची टकटक, मागे पंख्याची घरघर आणि नेमकी समेवर शेजारच्या कुकरची शिट्टी. पुढचा डायलॉग ठरलेला : ‘अरे, इंटरफेस घे ना एक!’

ऑडिओ इंटरफेस म्हणजे वाद्याकडून किंवा माइककडून येणाऱ्या विजेच्या सिग्नलचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारी आणि कॉम्प्युटरचे आकडे परत आवाजात बदलून हेडफोनला देणारी डबी. चांगली वस्तू आहे. पण कॉलेजात असताना तिच्यासाठी लागणारे काही हजार रुपये म्हणजे कित्येक महिन्यांचा पॉकेटमनी. तो खर्च करायचा की नाही, हे यूट्यूबवरचा रिव्ह्यू ठरवू शकत नाही. ते तुमचा कीबोर्ड ठरवतो.

त्याआधी एक चांगली बातमी. घरच्या घरी रेकॉर्ड करायला कीबोर्डइतकं सोयीचं वाद्य नाही. गायकाला शांत खोली लागते, तबल्याला चांगले माइक लागतात, बासरीला दोन्ही लागतं. वन बीएचकेत किंवा हॉस्टेलच्या तिघांच्या खोलीत हे जमवायचं कुठून? कीबोर्डचा आवाज मुळात तयारच होतो विजेच्या रूपात. तो वायरमधून थेट कॉम्प्युटरमध्ये नेला तर मध्ये हवाच येत नाही. मग पंखा फिरू दे, रूममेट घोरू दे, खालून वरात जाऊ दे, रेकॉर्डिंगला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. रात्री दोन वाजता हेडफोन लावून वाजवलंत तरी घरचे उठणार नाहीत. प्रश्न फक्त एवढाच, की वायर कुठून कुठे लावायची.

कीबोर्ड फिरवा

मागे काय काय दिसतंय? हेडफोनचं सॉकेट बहुतेक सगळ्यांना असतं. थोड्या वरच्या मॉडेल्सना ‘एल/मोनो’ आणि ‘आर’ अशी दोन लाइन आउट असतात. जुन्या कीबोर्डला पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट असेल. नव्याला यूएसबी असेल, पण तेही दोन प्रकारचं. चपटं असेल तर पेनड्राइव्हसाठी. चौकोनी असेल, म्हणजे प्रिंटरला असतं तसं, तर कॉम्प्युटरसाठी. आणि हो, त्याला बऱ्याचदा प्रिंटरचीच केबल चालते.

गोंधळ सुरू होतो तो या चौकोनी सॉकेटपाशी. केबल लावली, लॅपटॉपने कीबोर्ड ओळखला, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड दाबलं, छान वाजवलं. प्ले केलं तर शुकशुकाट. नाहीतर तुमच्या सुंदर व्हायोलिनच्या जागी जुन्या मोबाइलच्या रिंगटोनसारखं काहीतरी पिपाणी वाजतं. कीबोर्ड बिघडलेला नाही. बहुतेक कीबोर्डमध्ये या वायरीतून आवाज जातच नाही. निरोप जातो.

या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी. तुम्ही मधली पांढरी एक दाबलीत की कीबोर्ड कळवतो : ‘६० नंबरची पट्टी दाबली, जोर ९०.’ बोट उचललंत की दुसरा निरोप : ‘६० सोडली.’ बस, एवढंच. पट्ट्यांना नंबर ० ते १२७, जोराचं मापही १२७ पर्यंत. म्हणजे मिडी ही नोटेशनची वही आहे, गाणं नाही. वहीला कान लावला तर काय ऐकू येणार? ती वाचून कुणीतरी वाजवावं लागतं. कॉम्प्युटरमध्ये ते काम करतं व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वाद्य. ते जोडलं नाही तर शुकशुकाट, आणि हलक्या प्रतीचं जोडलं गेलं तर पिपाणी.

ही भाषा १९८३ साली आली. त्याआधी एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी सहजासहजी बोलत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एका भाषेवर राजी झाल्या आणि त्यासाठी या दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. काकांच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातला मिडीवाला कीबोर्ड पडला असेल, तर एक छोटा कन्व्हर्टर लावून तो आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो. आपल्या फोनचे चार्जर किती वर्षं टिकतात ते आठवा, म्हणजे याची किंमत कळेल.

वहीचा फायदा असा की वही खोडता येते. एक पट्टी चुकली तर सगळं परत वाजवायची गरज नाही, माऊसने ती नोट जागेवर सरकवा. गाणाऱ्या मुलासाठी काळी एकमध्ये वाजवलंत आणि आयत्या वेळी गाणारी मुलगी आली, तिची पट्टी पांढरी तीन? सगळ्या नोटा निवडा आणि तीन घरं वर न्या, दहा सेकंदांचं काम. रेकॉर्ड केलेला आवाजही वर-खाली करता येतो, पण जितका जास्त सरकवाल तितका तो कार्टूनसारखा होत जातो. लयीचंही तेच. शिवाय तीन मिनिटांच्या मिडीची फाइल काही केबींची. तेवढाच स्टिरिओ आवाज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केला तर ५० एमबीच्या वर.

मग सगळ्यांनी मिडीच का करू नये? कारण तुमच्या कीबोर्डमधला तो एक टोन, जो ऐकून दिग्दर्शक ‘हाच, हाच पाहिजे’ म्हणाला होता, तो मिडीसोबत येत नाही. तो कीबोर्डमध्येच राहतो. यामाहा आणि कॅसिओच्या भारतासाठी काढलेल्या मॉडेल्समध्ये तबला, पेटी, तानपुरा असे आपले आवाज दिलेले असतात. कॉम्प्युटरवर फुकटात पियानो ढिगाने मिळतात, पण बरी पेटी शोधून शोधून दमाल. स्टाइल लावून, म्हणजे कीबोर्डचा रिदम आणि कॉर्डची साथ चालू करून वाजवत असाल तर तो अख्खा बँड जसाच्या तसा फक्त आवाज म्हणूनच मिळेल.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे मींड. पिच बेंडचं चाक फिरवून तुम्ही सूर ओढता, तेव्हा ‘चाक इतकं फिरलं’ हा निरोप मिडीतून जातो. पण तेवढ्या फिरण्याने सूर किती सरकवायचा, हे वाजवणाऱ्या वाद्याच्या सेटिंगवर असतं. नेहमीचं सेटिंग वर-खाली दोन घरांचं. तुमच्या कीबोर्डवर ते बारा केलेलं असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये दोनच असेल, तर मींड अर्ध्या रस्त्यात बसकण मारते. दोन्हीकडे आकडा एकच ठेवा.

तर इंटरफेसचं उत्तर एका प्रश्नात आहे : तुम्हाला हवा असलेला आवाज राहतो कुठे? कॉम्प्युटरमधल्या पियानोवर किंवा स्ट्रिंग्जवर काम भागणार असेल, तर प्रिंटरची केबल पुरे. इंटरफेस आत्ता नको. आवाज कीबोर्डमधलाच हवा असेल, तर मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द शोधा. काही मॉडेल्स त्याच चौकोनी सॉकेटमधून आवाजही पाठवतात, म्हणजे इंटरफेस आतच बसवलेला आहे. काही कीबोर्ड तर पेनड्राइव्हवर थेट वेव्ह फाइल रेकॉर्ड करतात, कॉम्प्युटरचीही गरज नाही. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळतं. दहा मिनिटं वाचन, संभाव्य बचत काही हजार. यातलं काहीच नसेल, तर मग इंटरफेस घ्या, बिनधास्त घ्या.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात थेट केबल खुपसून काम होणार नाही का? हल्लीच्या लॅपटॉपचं ते एकच भोक हेडसेटसाठी असतं. त्याचं माइक इनपुट मोनो असतं आणि माइकच्या बारीकशा सिग्नलसाठी बनवलेलं असतं. कीबोर्डचा सिग्नल त्याहून बराच दणकट. परिणाम, फाटका आवाज.

दुकानात जाताना

खोक्यावर ‘टू इन, टू आउट’ लिहिलंय म्हणून लगेच पैसे काढू नका. स्वस्तातल्या बऱ्याच इंटरफेसमध्ये त्या दोनांपैकी एक इनपुट माइकचं आणि एक गिटारचं असतं. कीबोर्डचा स्टिरिओ आवाज घ्यायला दोन सारखी लाइन इनपुट लागतात. दुकानदाराला सरळ विचारा, ‘दोन्हीला लाइन लागते का?’ १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांनी मात्र भारावून जाऊ नका. सीडी ४४.१ वर चालते, व्हिडिओचं काम ४८ वर होतं. आपलं त्यात भागतं.

केबल लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आरामात मिळते. तिथे जाड जॅकला ‘पी-३८’ म्हणतात आणि मोबाइलच्या बारक्या जॅकला ‘ईपी’. कीबोर्डला लाइन आउट असतील तर पी-३८ मोनो ते पी-३८ मोनो अशा दोन केबल घ्या.

फक्त हेडफोनचं सॉकेट असेल तर इथे नीट लक्ष द्या, कारण यात भलेभले फसतात. एक स्टिरिओ केबल घेऊन हेडफोनमधून निघायचं आणि इंटरफेसच्या एका इनपुटमध्ये घुसायचं, हे सोपं वाटतं. पण इंटरफेसचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. स्टिरिओ जॅकच्या दोन टोकांवर एकच सिग्नल सुलटा आणि उलटा येतोय असं ते धरून चालतं आणि एकातून दुसरा वजा करतं. तुम्ही मात्र एका टोकावर डावा आवाज पाठवलेला असतो आणि दुसऱ्यावर उजवा. डाव्यातून उजवा वजा! म्हणजे दोन्हीकडे जे सारखं आहे, मधोमध वाजणारं, ते गायब. उरतो तो पोकळ, विहिरीतून आल्यासारखा आवाज. लोक मग इंटरफेस खराब आहे म्हणून दुकानात परत जातात. तुम्हाला हवी ‘वाय’ केबल : एकीकडे स्टिरिओ जॅक, दुसरीकडे दोन वेगवेगळे पी-३८ मोनो. डावा इनपुट एकमध्ये, उजवा दोनमध्ये.

बटणं आणि सेटिंग

इंटरफेसवर ‘इन्स्ट’ लिहिलेलं बटण असेल. कीबोर्ड इन्स्ट्रुमेंटच आहे म्हणून ते दाबायचा मोह होतो. दाबू नका, ते गिटारसाठी आहे. कीबोर्डला ‘लाइन’. ४८ व्होल्टचं बटण माइकसाठी, ते बंद.

कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा, इंटरफेसचा गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि गाण्यातला सगळ्यात दणदणीत भाग वाजवा. सॉफ्टवेअरच्या मीटरची उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली की थांबा. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि तो नंतर कुठल्याच प्लगिनने शिवता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर हळू आवाजाची भीती नको, नंतर वाढवता येतो. कीबोर्डचा रिव्हर्ब मात्र आत्ताच कमी करा. घातलेला रिव्हर्ब नंतर काढता येत नाही.

सॉफ्टवेअरवर भांडणं होतात, त्यात पडू नका. मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे. विंडोजवर रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. फक्त आवाजच रेकॉर्ड करायचाय तर ऑडॅसिटी बास. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि रीपरच्या सेटिंगमध्ये ‘एएसआयओ’ निवडा. स्टिरिओ ट्रॅक, इनपुट १ आणि २, रेकॉर्ड चालू.

मीटर हललाच नाही तर? इंटरफेसचं इनपुट विंडोजला माइकच वाटतं. प्रायव्हसी सेटिंगमध्ये अ‍ॅप्सना माइकची परवानगी बंद असेल तर सगळं बरोबर जोडूनही आवाज शून्य. मॅकवरही परवानगीचा तोच खेळ. आणि यूएसबीवर कीबोर्ड दिसतच नसेल तर केबल बदलून बघा. काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात.

आता सगळ्यात छळणारी गोष्ट, लेटन्सी. पट्टी दाबली आणि सूर मागाहून आला, की लय गेलीच म्हणून समजा. कॉम्प्युटर आवाज घोटाघोटाने घेतो, त्या घोटाला बफर म्हणतात. ४४.१ वर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. जाताना आणि येताना असा दोनदा वेळ लागतो, वर बाकीचा किरकोळ उशीर वेगळा. १० मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर स्टेजवर पलीकडे उभ्या असलेल्या तबलजीचं ऐकताना होतोच आणि आपण तो निभावतो. वीस-पंचवीसला बोटं अडखळायला लागतात. व्हर्च्युअल पियानो वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा, आवाज तुटायला लागला तर वाढवा. कीबोर्डचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करताना तर हा प्रश्नच येऊ देऊ नका : इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग बंद. दोन्ही चालू ठेवलंत तर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल. आणि कृपा करून ब्लूटूथ हेडफोन नको. त्यांचा उशीर दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज असतो. जुना वायरचा हेडफोन शोधा.

माझं मत विचाराल तर जमत असेल त्यांनी मिडी आणि आवाज दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करावं. एका ट्रॅकवर गाणं, दुसऱ्यावर वही. एकच अडचण येते : यूएसबी आणि ऑडिओ केबल दोन्ही लावल्या की कधी कधी ‘हम्म्म’ असा आवाज सुरू होतो. आपल्या विजेची ५० हर्ट्झची भुणभुण, दोन वायरींचं ग्राउंड मिळून गोल तयार झाल्यामुळे येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तिथेच थांबते. नाही थांबली तर कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर यूएसबी काढा आणि फक्त आवाज घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती तुमच्या जिवासाठी आहे.

फाइल साउंडवाल्या मित्राला देताना वेव्ह द्या आणि प्रत्येक क्यू वेगळा द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून. त्याआधी एकदा ती फोनच्या एकाच स्पीकरवर वाजवून बघा. बऱ्याच नाट्यगृहांत दोन्ही बाजूंच्या स्पीकरला एकच मोनो सिग्नल जातो आणि हेडफोनवर भव्य वाटणारे काही स्टिरिओ पियानो मोनो झाले की एकदम पातळ होतात. तसं झालं तर ‘एल/मोनो’मध्ये एकच केबल लावून पुन्हा टेक घ्यायचा. वही सेव्ह केलेली असेल तर परत वाजवायचीही गरज नाही. मिडीचा ट्रॅक कीबोर्डकडे उलटा पाठवा, कीबोर्डवर तोच टोन निवडा आणि रेकॉर्ड दाबा. पट्ट्यांना हात न लावता तो तुमचंच वाजवलेलं पुन्हा वाजवेल. तेवढ्या वेळात चहा होतो.